तुतीवरचं अळंबं आणि उसनं नाव : लाकडावरच्या कवकांची नवी जात कशी ठरते

आज आपण लाकडावर वाढणाऱ्या कवकांबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही एकाच प्रश्नाबद्दल : एखादी जात 'नवी' आहे, हे ठरतं कसं?

वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते की अमुक घाटात बुरशीची नवी जात सापडली. वाचताना वाटतं, कोणीतरी रानात गेलं, कधी न पाहिलेलं काहीतरी दिसलं, की झालं काम. पण आज ज्या जातीची गोष्ट सांगायची आहे, ती काही कोणी न पाहिलेली नव्हती. चीन, जपान आणि कोरियातले लोक ती शतकानुशतकं झाडावरून काढत होते, उकळून काढा करत होते, बाजारात विकत होते. तिच्या नावाने शेकडो शोधनिबंध निघाले होते. तरीसुद्धा २०१२ सालापर्यंत तिला स्वतःचं शास्त्रीय नाव नव्हतं. जे नाव सगळे वापरत होते, ते निकाराग्वातल्या भलत्याच एका बुरशीचं होतं.

हे कसं घडलं आणि आपल्याकडच्या फणसोंब्याशी त्याचा काय संबंध, हे आज पाहू. त्याआधी दोन शब्द पक्के करून घेऊ. 'प्रजाती' आणि 'जात' हे शब्द आपण शाळेच्या पुस्तकातल्या अर्थानेच वापरू. आंब्याचं शास्त्रीय नाव मँजिफेरा इंडिका. त्यातलं मँजिफेरा ही प्रजाती आणि दोन्ही शब्द मिळून झालं जातीचं नाव. कवक आणि बुरशी मात्र आज आपल्यासाठी एकच.

दिसतं ते फळ, राहतं ते आत

पावसाळ्यात जुन्या झाडाच्या खोडावर अर्धवट ताटलीसारखं काहीतरी बाहेर आलेलं तुम्ही पाहिलं असेल. काही मऊ असतात, चार दिवसांत सडून जातात. काही मात्र लाकडाइतकी कडक, वर्षानुवर्षं तिथेच. दरवर्षी खालच्या बाजूला नवा थर चढतो. ही ताटली म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी लाकडाच्या आत असते, केसाहून बारीक तंतूंच्या जाळ्याच्या रूपात. फळाचं काम एकच, बीजाणू तयार करून हवेत सोडायचे. कडक ताटली उलटी करून पाहिलीत तर खाली बारीक बारीक छिद्रं दिसतील. बीजाणू त्या नळ्यांच्या आतल्या भिंतींवर तयार होतात.

आत बसून ही बुरशी काय करते? लाकूड पचवते. लाकडात मुख्यतः सेल्युलोज आणि लिग्निन असतं. लिग्निन हा लाकडाला ताठपणा देणारा भाग, आणि तो मोडणं फार थोड्या सजीवांना जमतं. काही कवकं लिग्निनसुद्धा मोडतात. मग मागे उरतं ते लाकूड फिकट, तंतुमय दिसतं. याला पांढरी कूज म्हणतात. काही कवकं सेल्युलोज खातात आणि लिग्निन बरंचसं तसंच सोडतात. ते लाकूड तपकिरी होतं, चौकोनी ठोकळ्यांसारखं तडकतं आणि हाताने चुरडलं जातं. ही तपकिरी कूज. हे कामगार नसते तर पडलेली झाडं जंगलात साचतच गेली असती.

आज नाव दिलेल्या कवकांच्या जाती दीड लाखाच्या आसपास आहेत. प्रत्यक्षात किती असाव्यात? २०१७ साली मांडलेला एक अंदाज २२ ते ३८ लाखांचा आहे. दरवर्षी जगभरात दोन हजारांहून जास्त नव्या जातींची वर्णनं छापली जातात. म्हणजे काम संपण्याची चिन्हं नाहीत.

चेहऱ्यावरून नाव ठेवण्याची अडचण

कवकांच्या वर्गीकरणाचा पाया घातला स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी. त्यांचा 'सिस्टेमा मायकॉलॉजिकम' हा ग्रंथ १८२१ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्यांनी मुख्य भर दिला तो फळाच्या खालच्या बाजूवर. तिथे पापुद्रे आहेत की छिद्रं, दाते आहेत की सपाट पृष्ठभाग? डोळ्यांनी आणि भिंगाने दिसेल तेवढंच. छिद्रंवाली बहुतेक सगळी मंडळी 'पॉलिपोरस' या एका मोठ्या गाठोड्यात गेली.

त्या काळात हे सोयीचं होतं. पण एक अडचण होती. लाकडावर आडवी ताटली आणि खाली छिद्रं, ही रचना इतकी कामाची आहे की कवकांच्या वेगवेगळ्या घराण्यांमध्ये ती स्वतंत्रपणे, पुन्हा पुन्हा उत्क्रांत झाली. वटवाघूळ आणि पाखरू दोघांना पंख आहेत म्हणून ते भाऊ ठरत नाहीत, तसंच हे.

विसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाने चित्र बदललं. १९३२ साली ई. जे. एच. कॉर्नर यांनी दाखवलं की या कडक फळांमध्ये तंतूंचे प्रकार वेगवेगळे असतात. काही पातळ भिंतीचे, वाढणारे, काही जाड भिंतीचे, आधार देणारे, तर काही फांद्या फुटून बाकीच्यांना बांधून ठेवणारे. कोणत्या फळात यातले किती प्रकार आहेत, हे ओळखीचं मोठं साधन झालं.

आपली आजची बुरशी ज्या कुलात येते, त्याच्या दोन खुणा सांगतो. एक, तिच्या तपकिरी गरावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तो भाग काळपट पडतो आणि तसाच राहतो. दोन, यातल्या अनेक जातींत छिद्रांच्या आतल्या भिंतीवर सूक्ष्मदर्शकाखाली जाड भिंतीचे, टोकदार, तपकिरी काटे दिसतात. या दोन गोष्टी दिसल्या की कुलाचा पत्ता लागतो. पण कुल कळलं म्हणजे जात कळली असं नाही. खरी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

एक नमुना, चार टप्पे

आता आम्ही मंडळी प्रत्यक्षात काय करतो ते पाहू.

पहिला टप्पा रानातला. ताटली हाताने ओढून काढायची नाही, छिन्नी-हातोडीने थोड्या लाकडासकट काढायची. कारण लाकूड हा पुराव्याचा भाग आहे. झाड कोणतं, जिवंत की मेलेलं, फळ खोडावर किती उंचीवर, ताजा रंग कोणता, कूज पांढरी की तपकिरी, हे सगळं तिथेच लिहायचं. वाळल्यावर रंग बदलतो आणि आठवण त्याहून लवकर बदलते. नमुना कागदी पिशवीत ठेवायचा. प्लास्टिकमध्ये घाम धरून त्यावर दुसरीच बुरशी चढते. मग मंद उष्णतेवर वाळवायचा. झाडाचं नाव लिहिलेलं नसेल, तर नमुन्याची निम्मी किंमत गेली असं समजा.

दुसरा टप्पा सूक्ष्मदर्शकाचा. ब्लेडने पातळ काप घ्यायचा, काचपट्टीवर ठेवायचा, तंतू, काटे, बीजाणू पाहायचे. बीजाणू मोजायचे, आणि एक-दोन नव्हे, प्रत्येक नमुन्याचे निदान वीस-तीस. या गटातले बीजाणू बरेचदा चार-पाच मायक्रोमीटरचे असतात. माणसाच्या केसाच्या जाडीत असे दहा-पंधरा शेजारी शेजारी बसतील. अर्ध्या मायक्रोमीटरचा फरकसुद्धा इथे महत्त्वाचा ठरू शकतो, म्हणून मोजमाप कंटाळवाणं असलं तरी टाळता येत नाही.

तिसरा टप्पा डीएनएचा. वाळलेल्या फळाचा मसुराएवढा तुकडा पुरतो. त्यातला आयटीएस नावाचा एक छोटा भाग वाचतात, साधारण सहाशे-सातशे अक्षरांचा. २०१२ साली संशोधकांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय गटाने हा भाग कवकांच्या ओळखीचा सर्वमान्य 'बारकोड' म्हणून सुचवला. वाचलेली अक्षरं जगभरच्या साठ्याशी ताडून पाहायची. पण सावध राहायचं. साठ्यातल्या अक्षरांना नाव देतो तो ती जमा करणारा. त्यानेच चुकीचं नाव दिलं असेल तर तुमचा नमुना त्या चुकीशी शंभर टक्के जुळेल! शिवाय '९७ टक्के जुळलं की एकच जात' हा निव्वळ ठोकताळा आहे, नियम नव्हे. म्हणून एकाहून जास्त जनुकं वाचतात, त्यांवरून वंशवृक्ष काढतात, आणि फांदी वेगळी दिसली की परत सूक्ष्मदर्शकाकडे जातात. दोन्ही साक्षी जुळल्या तर पुढे जायचं.

चौथा टप्पा सगळ्यात कमी बोलला जाणारा, जुन्या नावांशी ताडणीचा. आपला नमुना वेगळा आहे म्हणजे कोणापेक्षा वेगळा? दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी त्यालाच नाव देऊन ठेवलेलं नाही ना? प्रत्येक शास्त्रीय नाव एका 'प्रमाण नमुन्या'ला बांधलेलं असतं. कुठल्यातरी संग्रहालयात, पाकिटात ठेवलेला तो एक वाळका तुकडा. वर्णन कितीही ढोबळ असो, त्या नावाचा मालक तो तुकडा. वाद झाला की त्याच्याकडे जायचं.

आणि आपली गोष्ट याच टप्प्यावर उलगडते.

तुतीचं पिवळं

चिनी भाषेत 'सांग' म्हणजे तुती आणि 'हुआंग' म्हणजे पिवळा. तुतीच्या खोडावर येणारं, पिवळसर तपकिरी, कडक अळंबं म्हणजे सांगहुआंग. जपानीत त्याला 'मेशिमाकोबू' म्हणतात, म्हणजे मेशिमा बेटावरचं गाठोळं. लोकांनी दिलेल्या चिनी नावात झाडाचं नाव आहे, हे लक्षात ठेवा.

१९६८ साली जपानी संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगांत या अळंब्याच्या अर्काने गाठींची वाढ रोखली जाते, असं नोंदवलं. माणसाचा कर्करोग बरा होतो, असा त्याचा अर्थ नाही. पण जपान-कोरियात त्यावर काम आणि व्यापार दोन्ही वाढले. शोधनिबंधावर आणि बाटलीवर शास्त्रीय नाव तर हवंच. ते नाव होतं 'फेलिनस लिंटिअस'.

हे नाव आलं कुठून? १८६० साली माइल्स बर्कली आणि मोझेस कर्टिस यांनी निकाराग्वातून आलेल्या एका नमुन्याला 'पॉलिपोरस लिंटिअस' असं नाव दिलं. एक इंग्रज, दुसरे अमेरिकन, दोघेही धर्मोपदेशक आणि दोघेही कवकांचे जाणकार. पुढे पॉलिपोरसचं गाठोडं सोडवताना ही जात 'फेलिनस' या प्रजातीत गेली. पूर्व आशियातलं तुतीवरचं अळंबं वर्णनाशी ढोबळमानाने जुळत होतं : कडक, तपकिरी, काटेवालं. म्हणून तेच नाव त्याला चिकटलं. मध्ये अख्खा प्रशांत महासागर आहे, हे कोणाला फारसं खटकलं नाही. कारण तेव्हा समजूत होती की बीजाणू वाऱ्यावर कुठेही जातात, त्यामुळे कवकांच्या जाती जगभर पसरलेल्या असतात.

डीएनए वाचायला लागल्यावर ही समजूत डळमळीत झाली. २०१२ साली तैवानचे शेंग-हुआ वू, चीनचे यू-चेंग दाई, जपानचे त्सुतोमू हात्तोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्व आशियातले नमुने एकत्र तपासले. निष्कर्ष स्पष्ट होता. तुतीवरची बुरशी मध्य अमेरिकेतल्या लिंटिअसपेक्षा वेगळी, आणि तिच्या जवळच्या 'बाउमी' वगैरे आशियाई जातींपेक्षाही वेगळी. रानात ती तुतीवरच येते. तिला कोणाचंच नाव लागू पडत नव्हतं, म्हणून तिला नवं नाव मिळालं : 'इनोनोटस सांगहुआंग'.

त्यानंतर २०१५ साली ली-वेई झोऊ, वू, दाई वगैरेंनी हा सगळा गट पुन्हा मांडला. त्यातून दोन नव्या प्रजाती निघाल्या. पूर्व आशियातल्या सांगहुआंगची 'सांगहुआंगपोरस', आणि लिंटिअस ज्यात गेला ती, मुख्यतः उष्ण कटिबंधातली 'ट्रोपिकोपोरस'. म्हणजे एकच जात समजून वापरलेलं नाव दोन वेगळ्या प्रजातींवर पसरलेलं होतं.

आता त्या शेकडो शोधनिबंधांचं काय? प्रयोग खोटे नव्हते. पण ते नेमके कशावर झाले, हे पुन्हा शोधावं लागलं. जिथे वापरलेला नमुना किंवा जिवंत संवर्धन जपून ठेवलेलं होतं, तिथे डीएनए वाचून उत्तर मिळतं. जिथे फेकून दिलेलं होतं, तिथे निष्कर्ष अधांतरी लटकतो. बाजाराचंही तेच. एकाच नावाखाली पॉप्लरवर्गीय झाडांवर येणारी 'वॅनिनाय' जातही विकली जाते, कारण तिची लागवड सोपी आहे. ग्राहकाने पैसे मोजले एका जातीचे, मिळाली दुसरी. दोघींतली रसायनं सारखीच असतील, असं गृहीत धरता येत नाही.

हा अपवादही नव्हे. औषधी म्हणून प्रसिद्ध असलेल्या लिंगझीला वर्षानुवर्षं 'गॅनोडर्मा लुसिडम' म्हणत. ते नाव विल्यम कर्टिस यांनी १७८१ साली इंग्लंडमधल्या बुरशीला दिलेलं. २०१२ सालीच चिनी लिंगझीला 'गॅनोडर्मा लिंगझी' हे वेगळं नाव मिळालं. त्यावर काही अभ्यासक म्हणतात की त्याच बुरशीचं १९८३ सालचं नाव आधीपासून आहे, तेच चालवा. आधी आलेल्या नावाचा मान मोठा, हा नामकरणाचा नियम आहे, म्हणून हा वाद होतो.

नावाची नोंदणी

नियमांचा विषय निघालाच आहे, तर थोडक्यात सांगतो. कवकांचं नामकरण एका आंतरराष्ट्रीय संहितेप्रमाणे चालतं. २०११ साली मेलबर्नला झालेल्या परिषदेत तिच्यात मोठे बदल झाले. पूर्वी नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावंच लागे. १ जानेवारी २०१२ पासून लॅटिन किंवा इंग्रजी, दोन्ही चालतं. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक नव्या नावाला मायकोबँकसारख्या मान्य नोंदवहीचा क्रमांक घ्यावा लागतो. क्रमांक नाही, तर नाव ग्राह्य नाही. आणि प्रमाण नमुना कोणत्या संग्रहात ठेवला, हे सांगावंच लागतं.

असा संग्रह आपल्याकडे पुण्यातच आहे. आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर मायकॉलॉजिकल हर्बेरियम आहे, आणि तिथेच जिवंत कवकांचा राष्ट्रीय संग्रहही आहे. बाहेरून पाहिलं तर पाकिटांची कपाटं आणि नळ्यांचे कप्पे. पण उद्या कोणी विचारलं की अमुक नाव नेमकं कशाचं, तर उत्तर त्या पाकिटात असतं.

फणसोंबा

आता घरची गोष्ट. कोकण आणि घाटमाथ्यावर फणसाच्या खोडावर येणारं कडक अळंबं म्हणजे फणसोंबा. लहान मुलांची लाळ गळते, तोंड येतं, तेव्हा तो उगाळून लावायची जुनी पद्धत आहे. वैद्य आणि रब्बा या संशोधकांनी १९९३ साली 'द मायकॉलॉजिस्ट' या नियतकालिकात या वापराची नोंद केली. पुढच्या अभ्यासांत फेलिनस गटातल्या एकाहून जास्त जाती फणसोंबा या एकाच नावाने वापरल्या जातात असं दिसलं.

इथे एक मोह होतो. फणस आणि तुती एकाच कुलातली झाडं. दोन्हीवर तपकिरी, कडक अळंबं. दोन्हीकडे औषध म्हणून वापर. मग फणसोंबा म्हणजेच आपला सांगहुआंग, असं म्हणून टाकायचं? जाहिरातीला हे वाक्य फार छान शोभेल. पण निकाराग्वाचं नाव चीनला लावताना जे झालं, तेच आपण चीनचं नाव कोकणाला लावताना करू. फणसोंबा काय आहे ते फणसोंब्यालाच विचारलं पाहिजे : नमुना, झाडाची नोंद, सूक्ष्मदर्शक, डीएनए, जुन्या नमुन्यांशी ताडणी. त्यातून कदाचित जुनीच नावं निघतील, कदाचित काही नवी. लोकांनी दिलेलं नाव या कामात आम्हाला मोलाचं वाटतं, कारण त्यात झाड आहे. सांगहुआंगमध्येही होतं. झाडाकडे बघा, हे लोक आधीपासून सांगत होते.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : नावं सारखी बदलत राहिली तर सामान्य माणसाने लक्षात काय ठेवायचं?*

नाव बदलतं तेव्हा बहुतेक वेळा नात्याबद्दलची माहिती सुधारलेली असते. लिंटिअसची प्रजाती अनेकदा बदलली, पण 'लिंटिअस' हा शब्द आणि त्याचा निकाराग्वाचा नमुना तिथेच राहिला. लक्षात ठेवायचं असेल तर तो दुवा ठेवा. आजकाल नोंदवहीत जुनं नाव टाकलं तरी चालू नाव समोर येतं.

*प्रश्न : आमच्यासारख्या हौशी माणसाला नवी जात सापडू शकते का?*

नमुना नक्की सापडू शकतो. वर, खाली आणि कापलेला, असे तीन फोटो काढा. झाड ओळखा. जागा आणि तारीख लिहा. मग जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला दाखवा. संरक्षित जंगलातून मात्र परवानगीशिवाय काही काढू नका, तिथे फोटो आणि नोंद पुरे.

*प्रश्न : आमच्या फणसावर फणसोंबा आहे. काढून वापरावा का?*

वापरायचा सल्ला आम्ही देणार नाही. कोणती जात आहे हे दिसण्यावरून ठरत नाही, हेच तर आज पाऊण तास सांगितलं. आणि झाडाबद्दल म्हणाल, तर अळंबं काढल्याने आतली बुरशी जात नाही. जिवंत फणसाच्या खोडावर ते दिसतंय, याचा अर्थ आतलं लाकूड काही वर्षांपासून कुजतं आहे. झाड घराजवळ असेल तर पावसाळ्याआधी जाणत्या माणसाकडून खोड तपासून घ्या. आणि त्या वेळी एखादा तुकडा निघालाच, तर कागदी पिशवीत घालून, वर 'फणस', गाव आणि तारीख लिहून आमच्याकडे पाठवा.